सारनाथला संग्रहालय आहे, सोपाऱ्याला का नाही?

२०१८ सालच्या नोव्हेंबर महिन्यात आमच्या विहार मंडळाची सहल सारनाथला गेली होती. लहानमोठे मिळून आम्ही ४२ जण. दादरला महानगरी पकडली, वाराणसीला उतरलो आणि ठरवलेल्या बसने शुक्रवारी सकाळी सारनाथला पोहोचलो. धामेक स्तूपापाशी वंदना झाली. मूलगंधकुटी विहारात जपानी चित्रकाराने भिंतींवर काढलेले भगवंताचे चरित्र सर्वांनी डोळे भरून पाहिले. मग संग्रहालयाच्या फाटकाशी आलो, तर फाटकाला कुलूप. शुक्रवारी बंद!

सहलीचा कारभार आमच्याकडे होता. नोकरी कारकुनाची, शिक्षण बी.कॉम.चे, त्यामुळे मंडळाचे हिशेब पहिल्यापासून आमच्याच गळ्यात. रेल्वेची तिकिटे, बसचे भाडे, मुक्कामाची सोय, आजारी माणसांची औषधे, सगळे पाहिले होते. संग्रहालयाचा सुट्टीचा वार तेवढा पाहिला नव्हता. चूक आमची, दुसऱ्या कोणाची नाही. त्याच दुपारी बस कुशीनगरला निघायची होती. आमची सौ. काही बोलली नाही, पण तिचे न बोलणेच पुरे होते.

आमच्यात भाजी विकणाऱ्या एक मावशी होत्या. सहलीसाठी त्यांनी आठ दिवस गाडी बंद ठेवली होती. त्या म्हणाल्या, “एवढ्या लांब काय कुलूप बघायला आलोय का? नोटेवरचं सिंह हितंच हायेत म्हणतात. बघितल्याबिगर मी हालायची न्हाई.” झाले! मावशींच्या बाजूने सगळ्या बाया उभ्या राहिल्या. परतताना एक दिवस वाराणसीच्या बाजारासाठी राखून ठेवला होता, तो इथेच खर्ची घालायचे ठरले. बसवाल्याने थांबण्याचे पैसे मागितले. घासाघीस करून ३५०० रुपयांवर तोडला.

शनिवारी सकाळी नऊला संग्रहालय उघडले. आत शिरताच समोर तो सिंहस्तंभाचा शीर्षभाग. सात फूट उंच, चुनारच्या दगडाचा, सव्वादोन हजार वर्षे उलटली तरी आरशासारखी झिलई. २६ जानेवारी १९५० रोजी स्वतंत्र भारताने आपली राजमुद्रा म्हणून स्वीकारला तो हाच. मावशींनी कमरेची पिशवी सोडून पाच रुपयांचे नाणे काढले, एकदा नाण्याकडे आणि एकदा दगडाकडे पाहिले, मग दगडाला वळसा घालून मागचा चौथा सिंह मोजून आल्या. “नाण्यावर तीनच दिसतात की,” म्हणाल्या. पुढच्या दालनात धम्मचक्रप्रवर्तन करणारी भगवंताची पाचव्या शतकातील मूर्ती आहे. तिच्या खालच्या पट्टीवर मधोमध चक्र आणि पाच शिष्य कोरले आहेत, आणि त्यांच्याजवळच एक स्त्री आणि एक मूल आहे. ही मूर्ती जिने दान केली तीच ही बाई असावी, असे अभ्यासक मानतात. आमच्या पुरुषमंडळींनी ती स्त्री पाहिलीच नव्हती. बायांनी ती शोधून काढली, आणि मग अर्धा तास कोणी तिथून हलेना.

रात्री आम्ही वही काढून त्या जादा दिवसाचा जमाखर्च मांडला. मुक्काम माणशी १०० रुपयांप्रमाणे ४२०० रुपये. दोन वेळचे जेवण आणि चहा-नाश्ता माणशी १८० रुपयांप्रमाणे ७५६० रुपये. बॅटरीवरच्या रिक्षांना १२४०. बसवाल्याचे ३५००. आणि लोकांनी केलेली खरेदी, म्हणजे लाकडाच्या व दगडाच्या मूर्ती, माळा, भिंतीवरची चित्रे, दोघीतिघींच्या साड्या, विचारून विचारून लिहिली ती १२,१०० रुपये. एकूण २८,६०० रुपये. आता संग्रहालयाचे तिकीट पाहा. माणशी पाच रुपये. पंधरा वर्षांखालील मुलांना तिकीट नाही, आमच्यात अशी नऊ मुले. म्हणजे ३३ तिकिटांचे १६५ रुपये.

संग्रहालयाच्या गल्ल्यात १६५ आणि गावाच्या गल्ल्यात २८,६००. तिकिटाच्या एका रुपयामागे गावाला १७३ रुपये मिळाले. संग्रहालये तोट्यात चालतात, सरकारवर बोजा असतात, असे म्हणणारे विद्वान फक्त पहिला आकडा वाचतात. दुसरा आकडा संग्रहालयाच्या वहीत लिहिलेलाच नसतो. तो असतो चहावाल्याच्या, खाणावळवालीच्या, रिक्षावाल्याच्या वहीत, आणि त्यांच्याकडे वही नसतेच.

हिशेब मांडला की त्यातली खोटही सांगितली पाहिजे. त्या १२,१०० पैकी काही रक्कम आम्ही नाहीतरी वाराणसीच्या बाजारात खर्चणारच होतो. म्हणजे तेवढा पैसा नवा नव्हे, एका गल्ल्यातून दुसऱ्या गल्ल्यात गेलेला. पण मुक्काम, जेवण आणि रिक्षा हा खर्च सारनाथला झाला तो केवळ बंद दाराआड एक पाहण्याजोगी वस्तू होती म्हणून. शिवाय पैसा तिथेच थांबत नाही. आमचा रिक्षावाला सांगत होता की दुपारच्या फेऱ्यांतून तो मुलीच्या शिकवणीचे पैसे भरतो. शिकवणीच्या बाई तेच पैसे घेऊन किराणा भरतात. आमच्या कॉलेजात गुणकाचा सिद्धांत शिकवत, तेव्हा तो फळ्यावरच्या पांढऱ्या खडूइतकाच कोरडा वाटे. सारनाथला तो तीन चाकांवर बसून आमच्यापुढे आला.

पडक्या विटांपुढे अडाणी किंवा शिकलेला, कोणताही माणूस अर्ध्या तासापेक्षा जास्त थांबत नाही. विटा बोलत नाहीत. स्तूपात काय होते, कोणी ठेवले, कोणी दान दिले, हे सांगायला वस्तू लागते, वस्तूखाली चार ओळी लागतात, सावली लागते, पिण्याचे पाणी लागते. संग्रहालय असले की अर्ध्या तासाचा अर्धा दिवस होतो. अर्धा दिवस झाला की जेवण आले, आणि दिवस कलला की मुक्काम आला. पर्यटनाच्या धंद्यात खरी कमाई मुक्कामाची असते.

सारनाथलाही हे सुख पहिल्यापासून नव्हते. १७९४ साली तिथला धर्मराजिक स्तूप विटांसाठी फोडला गेला. आत दगडी पेटीत करंड मिळाला. त्यातील अस्थी गंगेत सोडून दिल्या आणि विटा बांधकामाला गेल्या. विटांचे पैसे एकदाच आले. पुढे १९०४-०५ च्या उत्खननात सिंहशीर्ष हाती आले. तेव्हा सरकारने ठरवले की सापडलेल्या वस्तू दूरच्या शहरात न नेता जागच्या जागी ठेवायच्या. १९१० मध्ये सारनाथच्या संग्रहालयाची इमारत पुरी झाली. पुरातत्त्व खात्याचे उत्खननस्थळावरचे हे सर्वांत जुने संग्रहालय. तेव्हापासून शंभराहून अधिक वर्षे ते गाव या एका निर्णयावर चार घास जास्त खात आहे.

आता आपल्या दारात येऊ. आम्ही राहतो नालासोपाऱ्यात. १९८२ च्या संपानंतर गिरणगावातून जी कुटुंबे विरार लाइनला सरकली, त्यांतलेच आम्ही. पहाटेची गाडी, लटकत मुंबई, लटकत परत. ज्या गावात आपण झोपायला येतो ते गाव कोणते, हे आमच्या पिढीला कितीतरी वर्षे ठाऊक नव्हते. ते सोपारा, म्हणजे पालीतले सुप्पारक. जुन्या ग्रीक दर्यावर्द्यांच्या पुस्तकांत या बंदराचे नाव आहे. श्रीलंकेच्या महावंसात विजय राजपुत्र लंकेला पोहोचण्याआधी येथे उतरल्याचे सांगितले आहे. कार्ल्याच्या लेण्यात सोपाऱ्याच्या दात्याचे नाव कोरलेले आहे. पुण्ण नावाचा इथला व्यापारी श्रावस्तीला जाऊन भिक्खू झाला. परत येऊ लागला तेव्हा भगवंतांनी विचारले की तिकडचे लोक फार कठोर, ते शिव्या देतील, मारतील, मग काय करशील? त्याने दिलेली उत्तरे सुत्तात आहेत. ती आमच्या विहारातल्या मुलांना पाठ आहेत, पण तो आपल्याच स्टेशनचा माणूस हे मुलांना सांगितले की ती आधी हसतात.

१८८२ साली पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी येथील ‘बुरुड राजाचा कोट’ नावाचे टेकाड खणले. ते टेकाड म्हणजे स्तूप निघाला. मध्यभागी विटांच्या कोठडीत मोठी दगडी पेटी. पेटीत मधोमध तांब्याचा करंड आणि त्याच्याभोवती ब्राँझच्या आठ बैठ्या मूर्ती, सात बुद्धांच्या आणि आठवी मैत्रेयाची. तांब्याच्या आत चांदीचा करंड, चांदीच्या आत दगडाचा, त्याच्या आत स्फटिकाचा आणि त्याच्याही आत सोन्याचा. भोवती सोन्याची फुले आणि सातवाहन राजाचे चांदीचे एक नाणे. आणि सोन्याच्या त्या चिमुकल्या करंडात काय होते? मातीच्या भांड्याचे तेरा बारीक तुकडे. भगवंताच्या भिक्षापात्राचे तुकडे म्हणून ते कोणीतरी एवढ्या मायेने ठेवले होते. एवढे सोने-चांदी केवळ झाकण म्हणून, आत मातीचे खापर! आमच्या घरात ही हकिगत जेव्हा जेव्हा सांगितली जाते तेव्हा म्हातारी माणसे गप्प होतात.

हा ठेवा आज मुंबईला एशियाटिक सोसायटीच्या संग्रहात आहे. सोसायटीने तो इतकी वर्षे जपला, हे तिचे आपल्यावर ऋण आहे. टेकाडावर उघडा राहिला असता तर सोन्याची फुले केव्हाच सराफाकडे वितळली असती. अशोकाच्या शिलालेखाचे तुकडेही याच परिसरात सापडले. आठव्या लेखाचा तुकडा १८८२ मध्ये, आणि नवव्या लेखाचा १९५६ मध्ये भुईगावला. नवव्या लेखाचा दगड छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात आहे. त्यात सम्राट सांगतो की लोक नाना प्रकारचे फुकट विधी करतात, पण खरा विधी म्हणजे दास आणि सेवक यांच्याशी नीट वागणे, वडीलधाऱ्यांचा मान राखणे, जिवांवर दया करणे, दान करणे. नोकरांशी नीट वागा असे राजाने दगडावर लिहून ठेवले, आणि तो दगड आपल्या गावचा.

आणि सोपाऱ्यात काय आहे? रक्षित स्मारक म्हणून जपलेला स्तूप, झाडे आणि शांतता. बुद्धपौर्णिमेला हजारो माणसे येतात, वंदना करतात, दोन तासांत परत जातात. त्या एका दिवशी वडापावच्या गाडीवाल्याला उसंत नसते. उरलेले दिवस तो स्टेशनजवळ गाडी लावतो. कधी श्रीलंकेचे भिक्खू येतात, फुले वाहतात, आणि “इथे सापडलेल्या वस्तू कुठे पाहायला मिळतील?” असे विचारतात. आम्ही दक्षिणेकडे बोट दाखवतो. गोराईला २००९ पासून विपश्यना पॅगोडा आहे, बोरिवलीच्या डोंगरात कान्हेरी आहे. तिन्ही ठिकाणे मिळून दोन दिवसांची चांगली यात्रा होते. पण तिसऱ्या ठिकाणी दाखवायला काही नको का?

असे कुठे झाले आहे का, असे आम्हाला मंडळाच्या बैठकीत विचारण्यात आले. झाले आहे. बिहारमध्ये वैशालीला १९५८ साली मातीच्या एका जुन्या स्तूपात भगवंताचा धातुकरंड सापडला. ते उत्खनन करणारे डॉ. अनंत सदाशिव आळतेकर हे आपल्या कोल्हापूरकडचे, पाटण्याला जाऊन संशोधन करणारे. करंड पुढे पाटण्याच्या संग्रहालयात गेला आणि काही दशके तिथेच राहिला. वैशालीत उरला तो उघडा चौथरा. अखेर बिहार सरकारने वैशालीतच ७२ एकर जागेवर दगडी स्मृतिस्तूप आणि संग्रहालय बांधले, आणि २०२५ च्या जुलै महिन्यात त्याचे उद्घाटन होऊन धातू आपल्या गावी परत आले. त्याने वैशालीच्या बाजारात किती फरक पडला, हे आजच कोणी सांगू नये. दहा वर्षांनी हिशेब पाहावा. पण गावातून गेलेली वस्तू गावात परत येऊ शकते, एवढे तरी सिद्ध झाले.

आमच्याकडे ७२ एकर नाहीत आणि तेवढ्याची गरजही नाही. शिवाय आम्ही स्वतः हिशेबनीस असल्यामुळे उत्साहाला थोडा चाप लावणे आमचे काम आहे. इमारतीचा खर्च एकदा होतो, चालवण्याचा दर महिन्याला. अजिंठ्याला जपानच्या कर्जातून मोठे पर्यटक केंद्र उभे राहिले, आणि पुढे वीज-पाण्याच्या थकबाकीपायी ते बंद पडल्याच्या बातम्या आपणच वाचल्या. कोनशिलेला हार घालणारे पुष्कळ, विजेचे बिल भरणारा कोण, हे आधी ठरले पाहिजे. वसईच्या खाऱ्या, दमट हवेत दोन हजार वर्षांपूर्वीचे धातू ठेवायचे तर पहारा हवा, कोरडी हवा राखणारी यंत्रे हवीत, जाणकार माणूस हवा. हे सगळे होईपर्यंत मूळ वस्तू टाऊन हॉलमध्ये राहिल्या तरी आमची हरकत नाही. सोपाऱ्यात हुबेहूब प्रतिकृती, मोठी छायाचित्रे, शिलालेखाचा ठसा, त्याचा सोप्या मराठीतला अर्थ, दोन खोल्या, पाणी, बायांसाठी स्वच्छतागृह आणि डबा खायला सावली, एवढ्याने सुरुवात होऊ शकते. आपली माणसे चिवडा-भाकरी बांधून निघतात म्हणून ती खर्च करत नाहीत, असे कोणी समजू नये. आमची वर दिलेली वही पाहावी.

मंडळातील काही तरुणांना वाटते की संग्रहालय झाले की शंभर नोकऱ्या येतील. येणार नाहीत. पहारेकरी, तिकीटवाला, सफाईवाली, दोघेतिघे मार्गदर्शक, एवढेच. त्यातही पहारा आणि सफाई कंत्राटाने दिली की आपल्याच मुलांना अपुऱ्या पगारावर भगवंताच्या करंडाची राखण करावी लागेल, आणि बाजूच्या खोलीत सेवकांशी नीट वागा म्हणणारा दगडाचा ठसा! हे आधीच बोलून ठेवलेले बरे. खरा रोजगार दाराबाहेरचा असतो, चहाचा, जेवणाचा, रिक्षाचा, मूर्तींचा. पण तो आपोआप आपल्याकडे येत नाही. सारनाथला आम्हाला माहिती सांगणारा मुलगा चार भाषांत तोडके-मोडके बोलत होता, त्यात सिंहली होती आणि थोडी जपानीही. त्याला आम्ही दोनशे रुपये खुशीने दिले. आमच्या वस्तीत बी.ए. झालेली मुले आहेत, पाली शिकलेल्या दोन मुली आहेत. त्यांनी स्तूपाची हकिगत इंग्रजीत दहा मिनिटे सांगायची तयारी केली, तर इमारत येईपर्यंत थांबायचे कारणच नाही.

जाता जाता लंडनची गोष्ट. १९२१-२२ मध्ये बाबासाहेब तेथील किंग हेन्रीज रोडवरील दहा क्रमांकाच्या घरात राहिले. महाराष्ट्र सरकारने २०१५ मध्ये ते घर विकत घेऊन तेथे स्मारक-संग्रहालय उघडले. तेव्हा काही शेजाऱ्यांनी तक्रार केली की पाहायला येणाऱ्यांची गर्दी होते. स्थानिक कौन्सिलने परवानगी नाकारली, सुनावणी झाली, आणि मार्च २०२० मध्ये वरच्या सरकारने संग्रहालयाला मान्यता दिली. पाहुणे येतात म्हणून भांडणारी वस्ती जगात आहे, हे ऐकून आमच्या मावशी म्हणाल्या, “त्यांना म्हणावं, गर्दी हिकडं पाठवा.”

मंडळाने पहिले काम मुलांपासून धरले आहे. येत्या दुसऱ्या शनिवारी पाचवी ते दहावीच्या मुलांना नवव्या शिलालेखाचा दगड दाखवायला मुंबईच्या वस्तुसंग्रहालयात नेत आहोत. सकाळी साडेआठला विहारापाशी जमायचे. डबा, पाणी आणि एक कोरी वही सोबत असावी. सुट्टीचा वार यावेळी आम्ही दोनदा विचारून घेतला आहे.